पायरीच्या एक पाऊल अलीकडे

१४ जुलै

गवंडीणबाई,

अनेक आशीर्वाद. मावशीला नमस्कार, आणि तिच्या गुडघ्यांनाही.

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, पत्रं काय लिहितेस, बोल की." कशी बोलू? तुझ्यामागे सतत दगड फोडणारं यंत्र चालू असतं. मी विचारते 'बरी आहेस ना', तू म्हणतेस 'उद्या पाठवते'. त्यापेक्षा कागद बरा. मधेच कुणी 'हॅलो, हॅलो' करत नाही.

आता काम. आपल्या घराण्यात दगडाला भोक पाडता येणारी तू एकटी. बाकी आम्ही सगळे शब्दांची सालं काढणारे. तेव्हा ही अडचण तुझ्याच दारी.

आमच्या कॉलेजचा दगडी जिना तू पाहिलायस. फाटकातून आत आलं की फरसबंद अंगण, आणि अंगण संपतं तिथून खाली वर्गांकडे उतरणाऱ्या उघड्यावरच्या पायऱ्या. अंगण करडं, पायऱ्याही करड्या. वरून पाहिलं तर एकच चादर अंथरल्यासारखी. पहिली पायरी कुठे सुरू होते ते फक्त पायरीला ठाऊक.

माझ्या संस्कृतच्या वर्गात एक मुलगी आहे. तिची नजर जात चाललीय. गेल्या महिन्यात ती त्या जिन्यावरून पडली. खरचटण्यावर भागलं, चप्पल घसरली असं सांगून सुटली. पण प्राचार्यांनी बोलावून ऐकवलं, की पुन्हा असं झालं तर डोळ्यांची तपासणी, आणि तपासणीत काही निघालं तर घरी बसायचं. संस्था जबाबदारी घेणार नाही.

घरी बसणं म्हणजे तिला काय, ते मला लिहिता येत नाही. तिच्याकडे दुसरं काहीच नाही. मी सहसा गंभीर होत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून हे वाक्य पुन्हा वाच.

काठी घे म्हटलं तर नाक फेंदारते. तिने स्वतःची एक युक्ती काढलीय. फाटकापाशी अनुष्टुभातला एक श्लोक मनात सुरू करायचा, पावलाला एक अक्षर. श्लोक संपला की समोर पायरी. अंगणाला आणि श्लोकाला एकमेकांचं माप कुणी दिलं देव जाणे, पण बसतं बरोबर. मात्र मधे कुणी भेटलं, बोललं, की छंदोभंग. आणि इथे छंदोभंग झाला की गुण जात नाहीत, दात जातात.

तू त्या टिपक्यांच्या लाद्या बसवतेस ना, पायाला कळणाऱ्या? त्या जुन्या जिन्याला लावता येतात, की जिना पाडावा लागतो? पाडायचा असेल तर विसर. संस्थेच्या कॅलेंडरवर बारा महिने तोच जिना छापलेला असतो.

उत्तर लवकर दे. तुम्हा ठेकेदारांच्या भाषेतलं लवकर नव्हे.

तुझी ताई


२३ जुलै

ती. शास्त्रीणबाईंच्या चरणी सिमेंटने भरलेल्या हातांचा नमस्कार. कागदावर डाग दिसला तर तो त्याचाच.

आधी हे सांग, अक्षर एवढं मोठं का काढलंयस? चार ओळींत पान संपतंय. कागद स्वस्त झाला, की मला चष्मा लागला अशी कुणी अफवा उठवलीय?

जिना पाडायची गरज नाही. निम्मी कामं आम्ही जुन्या दगडावरच करतो. चिकटवायच्या चटया मिळतात, पण त्या उघड्यावर उन्हापावसात कडेने उचलल्या जातात, आणि मग ज्याला वाचवायचं तोच त्यात अडकून पडतो. तुमच्या दगडाला सुटी बटणं बरी, एक बटण म्हणजे एक टिपका. प्रत्येक बटणासाठी ड्रिलने बारीक भोक, आत घट्ट होणारा गोंद, वर बटण. आमचे मिस्त्रीकाका एकेक बटण अंगठ्याने दाबून बसवतात आणि दाबताना त्याच्याशी बोलतात. काय बोलतात ते तुला सांगण्यासारखं नाही.

नियम सोपा आहे. लांब रेघा पायाखाली आल्या तर 'चल', टिपके आले तर 'थांब'. टिपक्यांची पट्टी पायरीच्या अगदी काठावर मारायची नाही. एक पाऊल अलीकडे मारायची. काठावर मारली तर पायाला कळेपर्यंत माणूस खाली गेलेला असतो. जिन्याच्या वरही पट्टी, खालीही. शिवाय प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची रेघ.

त्या मुलीची युक्ती वाचून हसले. ती तूच शिकवलीस तिला, कबूल कर! आजोळी अंधारात मागच्या मोरीपर्यंत तू माझा हात धरून असंच न्यायचीस. श्लोक संपला की मोरी. मला अजून तो श्लोक ऐकला की लघवीला लागते. एकदा एका सभेत कुणी म्हटला, तर उठून जावं लागलं.

एक प्रश्न. नीट विचारून सांग, अंदाजपंचे नको. तिला किती दिसतं? थोडंसं जरी दिसत असेल तरी पट्टी पिवळी हवी. लोकांना वाटतं या पट्ट्या ठार आंधळ्यांसाठी असतात. तसं नाही. बहुतेकांना थोडं दिसत असतं, आणि करड्या दगडावर पिवळं त्यांना पाय पोचण्याआधी दिसतं. निम्मं काम रंगच करतो.

तुझी गवंडीण


३० जुलै

चि. गवंडीणबाईस,

तुझ्या सभेचा प्रसंग तुझ्या भावोजींना वाचून दाखवला. ते दुकानात डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात शिरले होते. हसताना एक स्क्रू उडाला. तो शोधण्यात आमची संध्याकाळ गेली. मी कोपऱ्यात उभी राहून 'तिकडे बघा, इकडे बघा' असं मार्गदर्शन केलं.

अक्षराचं म्हणशील, तर एक जाड पेन भेट मिळालंय. फेकवत नाही.

प्राचार्यांना भेटले. तुझ्या कामाची माहिती दिली, जिथे जिथे तू काम केलंस तिथली नावं दिली. मग रंग काढला.

"पिवळं?" म्हणाले. "बाई, त्या जिन्यावर पिवळं? हे काय रेल्वे स्टेशन आहे?"

"दगडाच्याच रंगाची करता येतात," मी म्हटलं.

"मग हरकत नाही. फक्त दिसता कामा नये."

इतकी वर्षं अलंकार शिकवतेय, पण सूचना द्यायची आणि ती दिसता कामा नये, असा विरोधाभास कुठल्या पोथीत सापडला नव्हता. मी मान डोलावली. पिवळ्यावर हटले असते तर करडंही गेलं असतं.

आणि तुझा प्रश्न. विचारलं तिला. काही दिसत नाही. काहीच नाही असं धर. रंगाचा तिला उपयोग नाही. तेव्हा करडी बटणं पाठव आणि हा विषय इथे संपव.

तू स्वतः येऊ शकशील का? की त्या रुग्णालयात चाकाच्या खुर्च्यांसाठी बांधतेयस तो उतार अजून संपला नाही? नसलीस तरी चालेल, पण कुणाला तरी पाठव. ती मुलगी रोज त्या अंगणातून जाते. काल एका अक्षराने चुकली. एक पाय हवेत गेला होता. कठडा हाताला लागला म्हणून आज हे पत्र लिहितेय, म्हणजे, तिने मला सांगितलं म्हणून.

ताई


१२ ऑगस्ट

ताई,

मला उताराचं काम सोडून येता येत नाही. मिस्त्रीकाका सोमवारी पोचतील. त्यांना तिखट कमी आणि चहा जास्त.

करड्यावर करडी पट्टी मी आजवर कुणाला दिली नाही. आलेल्या माणसाला परत पाठवलंय. तुझ्या शब्दावर देतेय. तिला काही दिसत नाही म्हणतेस, तर पायाचाच भरवसा. पण मग तो भरवसा पक्का हवा. मुलीला बजावून सांग, पातळ तळव्याची चप्पल घालायची. जाड बुटातून बटणं कळत नाहीत. जाड बूट म्हणजे कानात बोळे.

आणि श्लोक बंद करायला सांग. पायाला ऐकू दे. मनात श्लोक चालू असला की माणूस मनाचं ऐकतं, पायाचं नाही.

तुझी ग.


२ सप्टेंबर

बारके,

झालं काम. तुझे मिस्त्रीकाका म्हणजे मुनी आहेत. चार दिवस अंगणाच्या टोकाला पालथे पडून होते. खरंच बटणांशी बोलतात. मी जवळ गेले की गप्प व्हायचे. माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखला.

शेवटी उठून म्हणाले, "बाई, तुम्ही चालून बघा."

"मीच कशाला?"

"कुणीतरी बघायला पाहिजे. ती पोर काय अजून आली नाही."

चप्पल काढली, डोळे मिटले आणि निघाले. फरशी, फरशी, फरशी, आणि एकदम तळव्याखाली दाणे. पाय आपोआप थांबला. मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. काका म्हणाले, "बाई, खडे टोचतात का?" मी म्हटलं, "नाही, डोळ्यात काहीतरी गेलं."

दुपारी प्राचार्य आले. पट्टीवर उभे राहून विचारलं, "झालं का काम? कुठे आहे?" मी म्हटलं, "पायाखाली." खूष झाले.

त्या मुलीला तुझा निरोप दिला. चपलेचं जरा अवघड झालंय. मागे पडली तेव्हा तिने घरी सांगितलं होतं की चप्पल घसरली. घरचं माणूस प्रेमळ. त्याने दुसऱ्याच दिवशी चांगले जाड तळव्याचे, न घसरणारे बूट आणून दिले, आणि रोज सकाळी नाडी बांधली की नाही ते बघतं. आता नको कशी म्हणणार? नको म्हटलं तर का म्हणून विचारेल. एक खोटं सांगितलं की ते पायात घालून हिंडावं लागतं.

पण पट्टी आहे. आता काही होणार नाही. काही होता कामा नये.

ताई


२६ सप्टेंबर

चि. बहिणीस,

अक्षर तुझ्या भावोजींचं, मजकूर माझा. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर कोपरापर्यंत आहे. घाबरू नकोस. गेल्या गुरुवारी जिन्यावर जरा घाई केली. पायऱ्यांनी माझं स्वागत एकेक करून न करता एकदम केलं. (ही हसतेय, मला हसू येत नाही.) कपाळाला टाके आहेत, पण ते केसांत लपतात. (लपत नाहीत.)

मधे मधे लिहू नका असं सांगितलं तरी हे ऐकत नाहीत. बाकी सगळं ठीक. तुझ्या बटणांचा काही दोष नाही, असं मी सगळ्यांना सांगतेय.

तुझी ताई

ता. क. आता मी माझं लिहितो. ती दुसऱ्या खोलीत गेली आहे. तिच्या सांगण्यावर जाऊ नका. इतकी वर्षं ती त्या जिन्यावरून उतरतेय, आणि नव्या बटणांना महिना व्हायच्या आत ती अशी पडते, याचा अर्थ कळायला भिंग लागत नाही. बटणावर पाय अडखळला. प्राचार्यांचंही तेच म्हणणं आहे. मी तुम्हाला धाकट्या बहिणीसारखं मानतो, म्हणून विचारतो, असं काम करताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? तिच्या डोक्यातून रक्त येत होतं.


४ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मी मुद्दाम तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर, तुझ्या खणात टाकायला सांगून पाठवतेय. भावोजींच्या हाती नको.

तुमच्या प्राचार्यांनी, तू नावं दिली होतीस त्या सगळ्यांना कळवलंय की माझ्या पट्टीमुळे अपघात झाला. रुग्णालयाने उताराचं काम थांबवलं. तुमची पट्टी प्राचार्य महिनाअखेर उखडणार आहेत. मिस्त्रीकाका जेवत नाहीत. बसल्या बसल्या अंगठा टेबलावर दाबतात आणि विचारतात, "कुठलं सुटलं असेल?"

काकांचं बटण सुटत नाही, ताई. आणि बसलेल्या बटणावर कुणी अडखळत नाही, ते नखाएवढंच वर असतं. मी सगळं पुन्हा पुन्हा उभं करून बघितलं. डोळस माणूस त्या पट्टीवरून चालत गेला तर त्याला ती कळतही नाही. तुमच्या प्राचार्यांना कळली नव्हती.

मग मी दुसरंच आठवत बसले. एका अक्षराने चुकून पाय हवेत गेला, हे कुणी सांगितल्यासारखं लिहिलेलं नव्हतं. प्रेमळ घरचं माणूस. जाड पेन.

मी एवढंच विचारते. त्या मुलीचं नाव काय?


९ ऑक्टोबर

तिचं नाव तुला माहीत आहे. 'ताई' म्हणता येत नव्हतं तेव्हा तू तिला 'ताती' म्हणायचीस.

हे डाव्या हाताने लिहितेय. वेडंवाकडं आहे, पण मला तसंही नीट दिसत नाही, आणि तुझ्यापासून आता लपवायचं काही उरलं नाही.

कडेकडेने मिटत येतंय. डॉक्टर म्हणाले, नळीतून बघितल्यासारखं होत जाईल, आणि मग नळी बारीक होत जाईल. उपाय नाही असंही म्हणाले. चांगला माणूस होता, पाणी विचारलं. मी एकटी गेले होते. घरी येताना भाजी घेतली, आणि कुणाला काही सांगितलं नाही. नळीत जे सापडतं ते अजून दिसतं, पण धूसर होत चाललंय. समोरचा चेहरा दिसतो. पण पायरी नळीत सापडत नाही.

तू विचारलंस, किती दिसतं. तेवढा एकच प्रश्न विचारलास आणि मी त्याचंच उत्तर खोटं दिलं. थोडं दिसतं असं लिहिलं असतं तर तू पिवळ्यासाठी हटली असतीस, प्राचार्य करड्यासाठी, आणि जिना तसाच राहिला असता. मला वाटलं, पाय आहेत की. पिवळं दिसलं असतं का? दिसलं असतं, बारके. टोपलीतलं लिंबू मला अजून खोलीच्या दारातून दिसतं. रोज बघते. आज दिसलं का म्हणून.

पडले ती अशी. तू श्लोक बंद करायला सांगितला होतास. मी केला नव्हता. आयुष्यभर जे तोंडावर विसंबून राहिले, ते पायांवर विसंबायला शिकले नाहीत. तिसऱ्या चरणात असताना मुलींचा घोळका आला. "बाई, नमस्कार." मीही नमस्कार म्हटलं, एकीला आईची तब्येत विचारली. पाय चालतच होते, श्लोक मात्र थांबला होता. त्या गेल्यावर मी तो सोडला तिथूनच उचलला. म्हणजे माझ्या हिशेबी बरंच अंगण शिल्लक होतं. बटणं बुटाखाली आली असणार. बुटांनी मला कळवलं नाही.

आता खरं संकट ऐक. मी काही न बोलता सगळं जुळून आलंय. प्राचार्य म्हणतात पट्टीमुळे, हे म्हणतात पट्टीमुळे. तपासणीचं नाव कुणी काढत नाही. मला फक्त गप्प बसायचंय. गप्प बसले तर वर्ग माझे राहतात, तुझं काम जातं आणि काकांचा अंगठा टेबलावर झिजतो. बोलले तर वर्ग जातात. नुसते माझ्याकडून नाही. माझ्यामागे संस्कृत बंद करायला ते टपूनच बसलेत.

तुला ठाऊक नाही वर्गात काय होतं ते. पुस्तक मला लागत नाही. फळा लागत नाही. मुली वाचतात, मी अडलं तिथे पुढचं म्हणते. तिथे माझ्या डोळ्यांना कुणी काही विचारत नाही. त्या जिन्याच्या खाली मी अख्खी आहे. जिन्याच्या वर काय आहे? घड्याळांचं दुकान, आणि कोपऱ्यात उभी राहून 'इकडे बघा, तिकडे बघा' म्हणणारी बाई.

मला भीती वाटते. एवढंच वाक्य लिहायला मला दोन वर्षं आणि डावा हात लागला.

ताती


१५ ऑक्टोबर

ताई,

मी आधी रडले, मग इतकी चिडले की मिस्त्रीकाका चहाचे दोन्ही कप घेऊन बाहेर गेले. चिडलेलीच लिहितेय.

तू मला खोटं माप दिलंस! गवंड्याला माप खोटं द्यायचं नसतं, हे न शिकलेल्या माणसालाही कळतं. दारात पायरी केवढी, भिंत केवढी, हे खोटं सांगितलं तर घर पडतं. तुझी नजर केवढी, ते तू खोटं सांगितलंस. आणि मी, जिला करड्यावर करडं द्यायचं नाही हे माहीत होतं, ती 'ताई म्हणते म्हणजे' करून गप्प बसले. म्हणजे तू पडलीस त्यात माझाही हात आहे, आणि तो तू मला न विचारता लावलास.

माझ्यासाठी काही बोलू नकोस. काम जातं, पुन्हा येतं. काकांना मी खरं सांगितलं. ऐकून म्हणाले, "मला वाटलंच. अनवाणी उभी राहून रडली होती बाई." आणि जेवले.

पण ते पट्टी उखडणार आहेत. प्लास्टर निघालं की तू पुन्हा तोच श्लोक म्हणत त्याच अंगणातून निघणार. कठडा दर वेळी हाताला लागत नाही. ताई, तुझे वर्ग जातील म्हणून तुला भीती वाटते, आणि मला तू जाशील म्हणून. यातली कुठली भीती मोठी ते मी तुला शिकवू नये, तू थोरली.

तुझ्या पाया पडते. आधी भावोजींना सांग.

बारकी


२१ नोव्हेंबर

बारके,

तू आलीस, काकांबरोबर पालथी पडून पिवळं बसवलंस आणि गेलीस. त्या दिवसांत आपण दोघी फक्त गोंद वाळला का याबद्दल बोललो. राहिलेलं हे.

प्राचार्यांना मी जिन्यापाशीच बोलावलं होतं. म्हटलं, "पट्टीचा दोष नाही. ती दिसायला नको असं ठरलं होतं, आणि ती दिसली नाही. सगळं ठरल्याप्रमाणेच झालं. फक्त मला ती दिसायला हवी होती, हे मी सांगितलं नव्हतं."

मग म्हणाले, "कधीपासून हे?"

"'बाई हल्ली ओळख देत नाहीत' असं तुम्ही म्हणायला लागलात, तेव्हापासून."

"आधी सांगायचं होतंत."

"आधी सांगितलं असतं तर आधी घालवलं असतंत."

त्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही. खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. तुला काम देणाऱ्या लोकांना त्यांनी चूक झाल्याचं कळवलं आणि पिवळ्याला होकार दिला. कॅलेंडरवर यंदा बागेचा फोटो येईल म्हणे. आणि मग, जे होणार होतं ते झालं. तपासणी झाली. हे सत्र संपलं की माझे वर्ग संपतील. नव्या मुलींना संस्कृत नाही. मी पाया पडायची तेवढी बाकी ठेवली. नाही, खरं सांगते, पडलेही. ते गडबडून खुर्चीतून उठले. उपयोग झाला नाही.

रोज सकाळी पातळ चप्पल घालून फाटकातून आत येते. श्लोक म्हणत नाही. त्याची इतकी सवय होती की तोंडात काही नसल्यासारखं वाटतं. अंगणाच्या टोकाला पिवळं दिसतं, बारके. धूसर, पण दिसतं. लिंबाएवढं नाही, चांगलं आडवं, ऐसपैस. मग तळव्याला दाणे लागतात आणि मी थांबते. काल मागून एका मुलीने विचारलं, "बाई, थांबलात का?" मी म्हटलं, "इथे थांबायचं असतं, मग उतरायचं असतं." तीही थांबली. का थांबली ते तिलाही कळलं नसेल. त्या मुलींना एवढं एक तरी शिकवलं. थोड्याच दिवसांत मी त्या पायऱ्या शेवटच्या उतरेन, आणि तेव्हा त्या मला सगळ्यात चांगल्या दिसत असतील. याला कुठला अलंकार म्हणतात ते शोधायची ताकद नाही.

भावोजींचं सांगायचं राहिलं. त्यांना सांगितलं. आठवडाभर बोलले नाहीत. नाडी बांधायला येईनात. ते बूट कुठे नेऊन टाकले कोण जाणे. मला वाटलं, हेही गेलं.

मग परवा सकाळी दार उघडलं तर हे आमच्या दारातल्या पायरीपाशी उकिडवे बसलेले. डोळ्याला भिंग, हातात घड्याळाच्या तबकड्या रंगवायचा ब्रश, आणि शेजारी पिवळ्या रंगाची बाटली.

"पायरीला रेघ मारलीय," म्हणाले. "दिसते का?"

मी बघितलं. नळी इकडून तिकडे फिरवली. तबकडीवरच्या मिनिटाच्या खुणेएवढी बारीक, सरळ, सुंदर रेघ असणार ती. ह्यांचा हात मला माहीत आहे. मला पायरीही दिसत नव्हती आणि रेघही दिसत नव्हती. ते वर तोंड करून बसले होते, आणि चेहरा तेवढा नळीत सापडला होता. 'दिसते' हा शब्द माझ्या ओठावर आला होता. दोन वर्षं तोच तर म्हणत आलेय.

"नाही," मी म्हटलं. "जाड करा."

त्यांनी जाड केली. "आता?"

"नाही."

"आता?"

शेजारचे कामावर निघाले होते, ते बघत उभे राहिले. मी दारात, हे पायरीवर, आणि आमचं चाललंय, आता, नाही, आता, नाही. कितीतरी वेळाने एकदा माझ्या तोंडून 'हो' निघालं. तेव्हा रेघ हाताच्या पंजाएवढी रुंद झाली होती, आणि ह्यांच्या भिंगाच्या आत पाणी साठलं होतं. भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाले, "पुढे लागेल तशी वाढवू."

बाटली दाराच्या मागेच ठेवलीय. ब्रश मात्र मोठा आणायला तयार नाहीत.

तुझी ताई